परदेशात लहान मुलांना घेऊन मॉलमध्ये जाताना

निशिगंध (मिनेसोटा)

आमच्याकडे नोव्हेंबर लागला की बागेतल्या झोक्यांवर बर्फ साचतो, तो निघेपर्यंत एप्रिल उजाडतो. मधल्या काळात पारा शून्याखाली वीस अंशांवर गेला की मुलांना बाहेर खेळवायची सोयच राहत नाही. घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, उड्या मारल्या की खालच्यांना त्रास. म्हणून आम्ही मुलांना मॉलमध्ये नेतो. काही घ्यायचं नसतं. लांबलचक, उबदार, कोरडी जागा आणि तिथे मनसोक्त चालणारी पोरं, एवढंच हवं असतं. इथल्या कितीतरी मॉलची दारं दुकानं उघडण्याआधीच उघडतात, सकाळी फेऱ्या मारायला येणाऱ्या ज्येष्ठांसाठी. ती वेळ लहान मुलांनाही फार सोयीची. गर्दी नाही, गाणी नाहीत, खेळण्यांच्या दुकानाचं शटर बंद.

धागा काढायचं कारण मात्र वेगळं आहे. मागच्या हिवाळ्यात एका मॉलमध्ये चपलांच्या दुकानाबाहेर साडेतीन-चार वर्षांचा एक मुलगा भिंतीला पाठ टेकून उभा होता. रडत नव्हता. एका हातात लोकरीची टोपी, दुसऱ्या हाताने जॅकेटची चेन सारखी वरखाली करत होता. सुरक्षारक्षक गुडघ्यांवर बसून अगदी मायेने विचारत होता, तुझं नाव काय, आई कुठे आहे. पोरगा तोंड उघडेना. मग त्याने हळूच ‘आई’ म्हटलं आणि मी जागीच थांबले. जवळ जाऊन मराठीत विचारलं, “बाळा, आई कुठे गेली रे?” तर त्याने सगळं एका दमात सांगून टाकलं: ताईला शू लागली, आई तिला घेऊन गेली, बाबा गाडी आणायला गेलेत. आईचं नाव विचारलं तर ‘आई’. बाबांचं नाव ‘बाबा’. त्याचं स्वतःचं? ‘पिल्लू’.

थोड्या वेळात त्याची आई धावत आली. त्या माउलीचं काहीच चुकलं नव्हतं. तिला वाटलं धाकटा बाबांबरोबर आहे, बाबांना वाटलं आईबरोबर आहे. दोन मुलं असलेल्या कुठल्याही घरात हे होतं. पण तेव्हापासून माझ्या मनात हेच घोळतंय. आपण घरी मुलांशी मराठी बोलतो आणि बोलायलाच हवी, या मतावर मी ठाम आहे. म्हणजे बालवाडीत रुळेपर्यंत आपल्या मुलांना बाहेरच्या माणसाला स्वतःबद्दल काही सांगता येत नाही. नेमक्या त्याच वयात ती हातातून निसटतात.

आम्ही घरी सुरू केलंय ते सांगते. मुलाला त्याचं पूर्ण नाव, आमची दोघांची नावं आणि माझा फोन नंबर इंग्रजीतून पाठ करून घेतला. नंबर चालीवर म्हणायला लावला, चालीवर पटकन बसतो. दुसरं म्हणजे, आई दिसेनाशी झाली की आहेस तिथेच थांबायचं आणि बाहेरच्या दाराकडे तर मुळीच जायचं नाही. तिसरं, मदत कोणाकडे मागायची ते आम्ही प्रत्येक फेरीत बोट दाखवून ओळखायला लावतो: गल्ल्यामागे उभं असलेलं, नावाची पट्टी लावलेलं माणूस, नाहीतर कडेवर मूल असलेली बाई. तुमच्या देशात काय पद्धत आहे? जरा तपशिलात लिहा.

रानजाई (न्यू जर्सी)

फार गरजेचा विषय. अमेरिकेतल्यांनी ‘कोड ॲडम’ ठाऊक करून घ्यावा. १९८१ साली फ्लोरिडातल्या हॉलिवूड शहरात ॲडम वॉल्श हा सहा वर्षांचा मुलगा मॉलमधल्या दुकानातून पळवला गेला आणि त्याचा खून झाला. त्याच्या नावाने १९९४ साली वॉलमार्टने ही पद्धत सुरू केली, पुढे बऱ्याच दुकानांनी उचलली. मूल सापडत नाही असं कर्मचाऱ्याला सांगितलं की तो वर्णन लिहून घेतो, ध्वनिक्षेपकावर घोषणा होते, कर्मचारी हातातली कामं सोडून शोधायला लागतात आणि बाहेरच्या दारांवर नजर ठेवतात. दहा मिनिटांत मूल सापडलं नाही तर पोलिसांना बोलावतात. म्हणून संकोच करत बसायचं नाही. ‘आधी आपण दोन चकरा मारून बघू’ यात मोलाचा वेळ जातो. दिसलेल्या पहिल्या कर्मचाऱ्याला सांगायचं आणि मग शोधायला लागायचं.

दुसरं, घरून निघताना मुलांचा एक फोटो काढायचा, डोक्यापासून बुटांपर्यंत. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या मुलाने आज कुठला शर्ट घातलाय ते आठवत नाही. टोपी, जॅकेट पटकन निघतं, बूट सहसा तसेच राहतात. म्हणून बुटांचा रंग नक्की सांगायचा.

आणि शोधताना गप्प राहू नका. घाबरलो की आपल्या तोंडून मराठीच निघते, आजूबाजूच्यांना फक्त एक बाई ओरडतेय एवढंच कळतं. तिथल्या भाषेत मोठ्याने सांगत फिरायचं: चार वर्षांचा मुलगा, लाल शर्ट, निळे बूट. ज्याने त्याला पाहिलं असेल तो बोट दाखवतो.

दर्यावर्दी (दुबई)

आमच्याकडे तुमच्या उलट. जून ते सप्टेंबर दुपारी चाळीसच्या वर तापमान, बाग ओस. चार महिने मुलं मॉलमध्येच वाढतात म्हणा ना. मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये २००५ पासून घरातल्या घरात बर्फाचा डोंगर आहे, दुबई मॉलमध्ये स्केटिंगची रिंक आहे. तिकिटं महाग पडतात, पण दुबई मॉलच्या मत्स्यालयाची मोठी काच बाहेरच्या बाजूने फुकट बघता येते. माझी धाकटी तिथे काचेला नाक लावून शार्क, पाकट बघत अर्धा-अर्धा तास उभी असते. त्यासाठी एक पैसा लागत नाही.

भाषेचं म्हणाल तर इथे तो प्रश्न बराच हलका आहे. हिंदी समजणारा रक्षक, सफाई कामगार, दुकानदार पावलापावलावर भेटतो. आम्ही लेकीला ‘मैं खो गई हूँ’ एवढं वाक्य शिकवून ठेवलंय, त्यावर काम भागतं. खरी अडचण आकाराची. एवढ्या अवाढव्य जागेत ‘त्या दुकानापाशी भेटू’ याला काही अर्थ नाही, एकाच नावाची दुकानं दोन मजल्यांवर असतात. मुलांना न चुकणारी खूण हवी. आमची खूण म्हणजे मत्स्यालयाची काच. पण हे आठ-नऊ वर्षांच्या पुढच्यांसाठी. लहानग्याने जागा सोडायची नाही, यात निशिगंधताईंशी मी शंभर टक्के सहमत.

सप्तपर्णी (म्युनिक)

मला थोडं वेगळं म्हणायचंय. मुलांना मॉलची सवय लावावीच का? इथे रविवारी दुकानं बंद असतात. रविवारच्या सुटीला इथे थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे, तेही १९१९ च्या जुन्या, वायमार राज्यघटनेपासून चालत आलेलं. सुरुवातीला आम्हाला चमत्कारिक वाटलं. आता वाटतं, मुलांच्या दृष्टीने यासारखं चांगलं काही नाही. सुटीचा दिवस म्हणजे जंगल, तलाव, ग्रंथालय, कोणाचं तरी घर. पाऊस असला तर रेनकोट चढवायचा. वस्तूंनी भरलेल्या जागेत मुलाला नेऊन ‘काही मागू नकोस’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्या जागेची रचनाच मागायला लावणारी असते.

कामाची माहितीही देते. डीएम नावाच्या इथल्या दुकानांत बाळाचे कपडे बदलायचं टेबल असतं आणि तिथे डायपरही फुकट ठेवलेले असतात. तान्हं बाळ घेऊन शहरात फिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

निशिगंध (मिनेसोटा)

सप्तपर्णी, तुमचं म्हणणं पटतं आणि जंगलाचा हेवाही वाटतो. पण उणे पंचवीसला वारा सुटला की रेनकोट-जॅकेट कशानेच भागत नाही, उघडी त्वचा काही मिनिटांत हिमदंशाला बळी पडते. शाळाही बंद ठेवतात अशा दिवशी. ग्रंथालय आम्हाला प्रिय आहे, पण तिथे पळता येत नाही.

आणि मॉलमध्ये बघण्यासारखं फक्त दुकानांतच असतं असं नाही. आमच्याकडचा मॉल ऑफ अमेरिका १९९२ साली उघडला, त्या जागेवर आधी मेट्रोपॉलिटन स्टेडियम होतं. आतल्या पाळण्यांच्या बागेत जमिनीत एक पाटी बसवलीय, बेसबॉलची होम प्लेट (जिथे उभं राहून चेंडू मारतात ती जागा) नेमकी जिथे होती तिथे. आणि पार समोरच्या भिंतीवर उंच एक लाल खुर्ची लटकवलीय: १९६७ साली हार्मन किलब्रू या बेसबॉलपटूने मारलेला ५२० फुटांचा चेंडू स्टेडियमच्या ज्या खुर्चीवर पडला, तिची जागा. बागेत शिरायला पैसे पडत नाहीत, फक्त पाळण्यांना पडतात. माझा मुलगा पाटीवर उभा राहतो, खुर्ची कुठे आहे ते शोधतो आणि मग पावलं मोजत निघतो. दरवेळी आकडा वेगळा येतो, दरवेळी परत मोजायची असतात. त्या अर्ध्या-पाऊण तासात त्याने काही मागितलेलं मला आठवत नाही.

पाचोळा (शिकागो)

या वादात एक गोष्ट सांगावीशी वाटते. पूर्णपणे बंदिस्त, गरम-गार हवा राखलेला अमेरिकेतला पहिला मॉल मिनेसोटातच झाला, एडायना इथलं साउथडेल, १९५६ साली. तो उभारणारा वास्तुविशारद व्हिक्टर ग्रूएन हा व्हिएन्नाचा ज्यू माणूस, १९३८ साली नाझींपासून जीव वाचवून आलेला. त्याच्या डोळ्यांपुढे होता आपल्या गावाचा चौक: माणसं बसलीत, मुलं खेळतायत, भोवताली दुकानं. साउथडेलच्या मधल्या अंगणात त्याने झाडं लावली, माशांचं तळं केलं, पक्ष्यांचा भलामोठा पिंजरा ठेवला. त्याला भोवती घरं, शाळा, दवाखानेही हवे होते. प्रत्यक्षात झाले वाहनतळ. पुढे त्यालाच आपल्या या अपत्याचा उबग आला आणि तो व्हिएन्नाला परतला.

म्हणजे सप्तपर्णी म्हणतात ते ग्रूएनलाही शेवटी पटलं होतं, आणि निशिगंध मुलाला घेऊन जे करतायत ते त्याला आधीपासून अभिप्रेत होतं. मॉलला चौकासारखं वापरणाऱ्या आईबापांच्या बाजूने मी आहे.

केवडा (लेस्टर, इंग्लंड)

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, नऊ वर्षांचा. आमच्यासारख्यांसाठी लिहिते. त्याला मॉल म्हणजे सगळं एकदम अंगावर येणं: दिव्यांची लुकलुक, हात वाळवायच्या यंत्राचा आवाज, अत्तराच्या दुकानाचा वास. बरीच वर्षं आम्ही जायचंच टाळलं. मग कळलं की इथे काही दुकानं ठरावीक वेळी दिवे मंद करतात, गाणी आणि घोषणा बंद ठेवतात. २०१७ साली नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने देशभर ‘ऑटिझम अवर’ घेतला, तेव्हापासून ही कल्पना चांगली रुजली. आपल्या मॉलमध्ये शांत वेळ कधी असते ते चौकशी कक्षाला फोन करून विचारा. नसेल तर मागणी करा, आमच्याकडे पालकांनी मागितल्यावरच मिळाली.

गळ्यात घालायची हिरवी, सूर्यफुलांची पट्टीही मिळते. २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली, आता पुष्कळ ठिकाणी ओळखतात. अपंगत्व वरून दिसत नाही पण आहे, एवढंच ती सांगते. ती घातली की रांगेत कोणी डोळे वटारत नाही, कर्मचारी स्वतःहून पुढे येतो.

वर हरवलेल्या मुलांबद्दल जे लिहिलंय त्यात माझी एक भर. माझा मुलगा हाक मारली तरी ओ देत नाही, अनोळखी माणसाने हात धरला तर जमिनीवर लोळण घेतो. त्याच्या मनगटावरच्या पट्टीवर नंबराखाली ‘मी स्वमग्न आहे, मला हात लावू नका, आईला फोन करा’ असं इंग्रजीत लिहिलंय. अशी पट्टी अंगावर असणं हाच आमच्यासाठी खरा आधार.

गुलबक्षी (नागोया)

इथे मूल हरवलं की चौकशी कक्षात नेतात आणि घोषणा होते: अमुक रंगाचा सदरा, अंदाजे अमुक वयाचा मुलगा, पालकांनी यावं. भाषा येत नसेल तर ही घोषणा आपल्याचबद्दल आहे हे आईबापांनाच कळत नाही! म्हणून मुलांइतकंच पालकांनीही तिथल्या भाषेतले रंग, कपडे आणि आकडे शिकून घ्यावेत.

पिल्लूवरून आठवलं. घरी आपण चिमणी, सोन्या, बाळ्या म्हणतो आणि घोषणा होते पासपोर्टवरच्या नावाची, तीही अशा उच्चारात की आपल्यालाच कळू नये. मुलीला आम्ही तिचं नाव जपानी माणूस कसं म्हणेल ते म्हणून दाखवलं. तिला खूप मजा वाटली, आणि शाळेतही त्याचा फायदा झाला.

शेवंता (टोरांटो)

आजी-आजोबांबद्दल कोणीच लिहिलं नाही. आपल्याकडून ते सहा महिने राहायला येतात, आणि आपण ‘तुम्ही बसा नातवाजवळ, आम्ही येतोच’ म्हणून सटकतो. त्यांच्या फोनमध्ये इथलं सिम नसतं, मॉलचं वायफाय त्यांना जोडता येत नाही. मूल त्यांच्या हातून सुटलं तर ते आपल्याला कळवणार कसं? आई आल्या की पहिल्या आठवड्यात मी त्यांना स्वस्तातलं सिम घेऊन देते आणि पर्समध्ये घरचा पत्ता, आमचे नंबर लिहिलेलं कार्ड ठेवते. नातवंडांना शिकवतो ते सगळं त्यांच्याशीही एकदा बोलून घेतलं. त्यांना अजिबात कमीपणा वाटला नाही, उलट म्हणाल्या, बरं झालं सांगितलंस.

सरकत्या जिन्यावर साडीचा काठ, ओढणी, सुटलेल्या नाड्या, क्लॉग म्हणजे मऊ रबरी चपला हे सगळं अडकतं. क्लॉगबद्दल अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २००८ साली इशाराही दिला होता. मुलाने पायरीच्या मधोमध, तोंड पुढे करून उभं राहायचं, कडेला पाय टेकवायचा नाही. थांबवायचं लाल बटण वर-खाली दोन्ही टोकांना असतं, ते कुठे आहे ते बघूनच चढायचं. बाबागाडी कायम लिफ्टने.

उत्तरवारा (गोथेनबर्ग)

मुलाने खेळण्याच्या दुकानात लोळण घेतली तर काय, हे बोलायला हवं. आपल्यातल्या काहींचा हात पटकन उठतो. स्वीडनने १९७९ साली मुलांवर हात उचलायला कायद्याने बंदी केली, असं करणारा जगातला हा पहिला देश. जर्मनीत २००० पासून तसाच कायदा आहे. पण कायद्याचं भय हे कारण मला पुरेसं वाटत नाही. चारचौघांत मार खाल्लेलं मूल त्या हट्टाबद्दल काही शिकत नाही, फक्त अपमान लक्षात ठेवतं.

आमच्याकडे उपयोगी पडलेलं सांगतो. घरून निघतानाच ठरतं की आज बघायचं, घ्यायचं नाही. आवडलेल्या खेळण्याचा फोटो काढून ठेवायचा. वाढदिवस आला की ते फोटो मुलीसमोर ठेवतो आणि ती त्यातलं एक निवडते. बहुतेक फोटोंकडे ती ढुंकूनही बघत नाही. आणि लोळण घेतलीच, तर ट्रॉली तिथेच सोडून मुलाला उचलून बाहेर यायचं. सामान नंतर आणता येतं.

रानजाई (न्यू जर्सी)

उत्तरवारा, फोटोची कल्पना उचलतेय.

कॅलिफोर्नियातल्यांसाठी एक: सहा वर्षांच्या किंवा त्याहून लहान मुलाला गाडीत ठेवून जाताना बारा वर्षांचं किंवा त्याहून मोठं कोणीतरी सोबत लागतं, नाहीतर दंड होतो. ‘झोपलाय, दोन मिनिटांत येते’ हे कुठल्याच राज्यात करू नका. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा-अकरा अंश सेल्सियसने चढतं.

बकुळफूल (डॅलस)

माझी मुलं मोठी आहेत, तेरा आणि सतरा. त्यांना मित्रांबरोबर जायचं असतं. अमेरिकेतल्या बऱ्याच मॉलमध्ये आता किशोरांना एकटं येऊ देत नाहीत. सुरुवात मॉल ऑफ अमेरिकाने १९९६ साली केली: शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी सोळा वर्षांखालच्या मुलांबरोबर एकवीस वर्षांचं किंवा त्याहून मोठं माणूस हवं, असा तेव्हाचा नियम होता. नियम, वयं, वेळा मॉलगणिक वेगळ्या आणि बदलत्या असतात. थोरल्या भावाबरोबर पाठवलं म्हणजे झालं असं समजू नका, एकवीसची अट असेल तिथे एकोणीस वर्षांचा दादा चालत नाही. दारातून परत पाठवलेली मुलं संध्याकाळी वाहनतळावर उभी राहतात, त्यापेक्षा आधी मॉलच्या संकेतस्थळावर बघितलेलं बरं. अडवलं तर रक्षकाशी हुज्जत घालायची नाही, आम्हाला फोन करायचा, हेही बोलून ठेवलंय.

काजवा (मिनियापोलिस)

निशिगंधताई, आमची लेक दीड वर्षाची आहे, अजून बोलत नाही. चालते मात्र तुफान. पाठ करून घेणं वगैरे जमणारं नाही. जॅकेटच्या आत नंबर लिहून ठेवला तर?

निशिगंध (मिनेसोटा)

काजवा, जॅकेटवर नको. मॉलमध्ये शिरलो की पहिल्यांदा जॅकेटच निघतं, आणि तसंही फुगीर जॅकेटवरून कारसीटचे पट्टे बांधायचे नसतात, त्यामुळे ते बऱ्याचदा गाडीतच राहतं. हिवाळ्यात अंगावर कायम राहतात ते आतले कपडे आणि बूट. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईच्या पेनाने नंबर लिहा. दंडावर बॉलपेनने लिहून त्यावर औषधाच्या दुकानात मिळणारी पारदर्शक चिकटपट्टी लावली तर अंघोळीपर्यंत पुसला जात नाही. नाव बाहेरून दिसेल असं कुठेही नको. आणि नंबर दोघांचे लिहा, एकाचा फोन नेमका तळघरातल्या वाहनतळात लागत नाही.

गुलबक्षी आणि शेवंता, तुमचे मुद्दे आजच घरी बोलणार आहे. सासूबाई मे महिन्यात येतायत.